डेप्रॉनचं शिकाऊ विमान: जॉबवहीच्या मागच्या पानांवरून

वाळवा तालुक्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाणबुडी मोटारी, विहिरीवरचे थ्री फेज पंप, गिरणीच्या मोटारी. पुतणी नववीत आहे. तिला रिमोटचं विमान हवं होतं, आणि तयार विमानाची किंमत ऐकून दादा म्हणाला, "तुझ्या काकाला सांग, तो काय रोज मोटारीच फिरवतो." तिथून हे सुरू झालं. दुकानाच्या जॉबवहीत मागच्या बाजूने लिहीत गेलो, त्याच नोंदी थोड्या नीट करून देतोय. आमच्यासारख्या ज्याच्या आसपास विमानातलं कळणारं कोणी नाही, त्याने आमचे पैसे आणि रविवार वाया गेले तिथे तरी स्वतःचे वाचवावेत.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

सामान आलं. सहा चॅनेलचा (म्हणजे सहा गोष्टी वेगवेगळ्या हलवू शकणारा) फ्लायस्काय आय-६ रिमोट, विमानात बसणाऱ्या रिसिव्हरसकट ४,९०० रु. ए२२१२ मोटार, ३० अँपिअरचा ईएससी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं सर्किट) आणि १० इंची प्रॉप (पुढचा पंखा) असा एकत्र संच १,०५०. दोन एसजी-९० सर्व्हो (शेपटीची पानं हलवणाऱ्या छोट्या मोटारी) २४०. तीन सेलची १,५०० एमएएच लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी १,३५०. साधा बॅलन्स चार्जर ४५०. एकूण ७,९९०. विमान अजून कागदावरसुद्धा नाही आणि आठ हजार गेले. वहिनीला आकडा सांगितलेला नाही.

मोटार हातात घेतली आणि जीव रमला. २२ मिमी व्यासाचा, १२ मिमी उंचीचा स्टेटर, म्हणून नाव २२१२. आत बारा दात. आमच्या मोटारीत आतलं रोटर फिरतं, इथे बाहेरची टोपी फिरते. १,००० केव्हीच्या (म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला १,००० फेरे) मोटारीला १३ वेढे, १,४०० वालीला १०. वेढे कमी तर वेग जास्त, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. आपल्याला सावकाश उडणारं विमान हवंय, म्हणून १,००० चीच घ्या. दुकानदार १,४०० किंवा २,२०० ची गळ्यात मारायला बघतो.

ठरलेलं माप: पंख विमानाच्या डोक्यावर, टोकापासून टोकापर्यंत ११०० मिमी, रुंदी २०० मिमी. चॅनेल तीनच: मोटार, एलिव्हेटर (आडव्या शेपटीचं पान, नाक वर-खाली करणारं), रडर (उभ्या शेपटीचं पान, तोंड डावी-उजवीकडे फिरवणारं). पंखावर हलणारं काही नाही. चाकं नाहीत, पोटावर उतरवायचं.

२४ ऑक्टोबर

पहिली चूक, आणि न उडताच झालेली. फ्लेक्सवाल्याकडून ५ मिमी सनबोर्डचे उरलेले तुकडे २०० रुपयांत आणले. छान गुळगुळीत, कडक, कापायला सोपं. तीन रात्री बसून पंख, बॉडी, शेपूट सगळं केलं. दिसायला इतकं देखणं की आण्णा (माझे वडील) म्हणाले, "देव्हाऱ्यावर ठेव."

मग दुकानात तांबं मोजायच्या काट्यावर ठेवलं. नुसता सांगाडा ९४० ग्रॅम. मोटार, बॅटरी वगैरे धरून सव्वा किलोच्या वर गेलं असतं. या मोटारीने ते कदाचित उचललंही असतं, पण हवेत टिकायला त्याला जोरात पळावं लागलं असतं, आणि जोरात पळणारं विमान नवशिक्याच्या हातात म्हणजे काय ते सांगायला नको. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी. तो दुकानाच्या पाटीला ठीक.

काटा पहिल्या दिवशी घ्यायला हवा होता. एक चौरस फुटाचा तुकडा तोलला असता तर तीन रात्री वाचल्या असत्या.

३१ ऑक्टोबर

डेप्रॉन आलं, थर्मोकोलसारखी हलकी पण गुळगुळीत फोमची शीट. ५ मिमी, सहा शीट, १९० ला एक, वर कुरिअरचे ४२०. खोकं मोठं म्हणून कुरिअर महाग. एका शीटचा कोपरा मोडलेला, पण शेपटीला चालेल. मीटर बाय अर्ध्या मीटरची शीट काट्यावर ९२ ग्रॅम. सनबोर्ड तेवढाच घेतला असता तर सव्वा किलो भरला असता.

२ नोव्हेंबर, पाडवा

सकाळी ओवाळून घेतलं आणि कापायला बसलो. कटरचं पातं नवं घ्या. जुन्या पात्याने डेप्रॉन कापत नाही, दाणे उपटले जातात आणि कडा भाकरीच्या कडेसारखी होते. एका घावात आरपार जायचा मोह नको, दोन-तीन हलके हात मारायचे.

पुतणीने घाईत एक जोड फेविक्विकने चिकटवला. डोळ्यासमोर पंखाला रुपयाएवढं भोक पडलं, वर धूर निघाल्यासारखा वास. डेप्रॉन हे थर्मोकोलचंच भावंड, फेविक्विक आणि फेविबाँड दोन्ही त्याला खातात. ग्लू गन, फेविकॉल आणि अराल्डाइट चालतात. कुठलाही नवा डिंक आधी कचऱ्यातल्या तुकड्यावर लावून बघायचा, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "काका, तुम्ही सनबोर्डाचा तुकडा तोलला होता का?" दिवाळीचा दिवस, म्हणून गप्प बसलो.

५ नोव्हेंबर

पंख सपाट पत्र्याचा ठेवायचा नव्हता. पुढच्या अर्ध्या रुंदीवर, वरच्या बाजूने डेप्रॉनचा दुसरा थर चिकटवला, म्हणजे मधोमध पायरी तयार होते. क्लाइन आणि फोगलमन या दोघांनी या पायरीच्या पंखाचं १९७२ साली अमेरिकेत पेटंट घेतलं होतं. ते कसं काम करतं यात शिरत नाही. आमच्यासाठी फायदा एवढाच की गोलाई द्यायची कटकट नाही, पंख दुहेरी झाल्याने कडक होतो, आणि वजन वाढतं फक्त २० ग्रॅम.

दोन थरांच्या मध्ये आकाशकंदिलातून उरलेली बांबूची कामटी घातली, पंखाच्या पूर्ण लांबीची. फेविकॉल लावून वर पुस्तकं ठेवली. इथे घाई केली. रात्रभर ठेवायला हवं होतं, मी चार तासांत उचललं. त्याचं फळ डिसेंबरात मिळालं, पुढे येईल.

बॉडी म्हणजे ८५० मिमी लांब चौकोनी नळी. आडवी शेपूट ४०० बाय १२०. पोटाला खाकी पॅकिंग टेप.

८ नोव्हेंबर

वायरिंग. मोटारीच्या तीन वायरी ईएससीच्या तीन वायरींना, कुठलीही कशालाही. उलटी फिरली तर कोणत्याही दोन बदला. विहिरीवरच्या पंपाचं जे तेच.

प्रॉप काढून ठेवूनच ईएससीची ओळखपरेड करायची: रिमोटचा थ्रॉटल (मोटारीचा वेग वाढवणारी काठी) पूर्ण वर, मग बॅटरी जोडा, दोन बीप आले की थ्रॉटल खाली. मला हे माहीत होतं. पण प्रॉप काढला नव्हता, कारण "दोन मिनिटांचं तर काम". वायर जोडताना माझ्याच कोपराने काठी वर गेली. विमान टेबलावरून निघालं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचा नोव्हेंबर फाडला. हात मध्ये असता तर बोट गेलं असतं. पाच अश्वशक्तीच्या मोटारीशी तीस वर्षं खेळलेला माणूस, आणि या पन्नास ग्रॅमच्या मोटारीसमोर बेफिकीर. त्यानंतर टेबलावर वायरी जोडताना प्रॉप लावलेला नाही.

प्रॉपवर जिकडे आकडे कोरलेत ती बाजू पुढे. उलटा लावला तरी वारा येतो, म्हणून चूक लक्षात येत नाही, फक्त ताकद बरीच कमी होते.

स्वयंपाकघरातला काटा आडवा बांधून जोर मोजला: पूर्ण थ्रॉटलला ७४० ग्रॅम, क्लॅम्प मीटरवर १३ अँपिअर. विमानाचं बॅटरीसकट वजन ५०५ ग्रॅम. भरपूर झालं.

रिमोट बंद केला तर मोटार थांबायला हवी. ते फेलसेफ रिमोटमध्येच लावावं लागतं, आपोआप येत नाही. लावलं, दोनदा तपासलं.

१० नोव्हेंबर, रविवार. पहिलं उड्डाण

चुलत्यांचं सोयाबीन काढलेलं रान, पावणेदोन एकर. पश्चिमेला ऊस, पूर्वेला बांध. डिजिटल स्कायच्या (ड्रोन कुठे उडवता येतात ते दाखवणाऱ्या सरकारी वेबसाइटच्या) नकाशावर आमचा भाग हिरवा, म्हणजे उडवायला मोकळा होता, ते आधी बघून घेतलं. कोल्हापूरचा विमानतळ लांब. तुम्हीही आपलं ठिकाण बघूनच रानात जा. सकाळी पावणेसातला वारा शून्य होता.

अर्धा थ्रॉटल, मी फेकलं, रिमोट पुतणीकडे. विमानाने नाक वर केलं, आणखी वर केलं, क्षणभर हवेत उभं राहिलं आणि शेपटीवर बसावं तसं खाली आलं. मग नाकावर. हवेतला एकूण वेळ तीन सेकंद. प्रॉप एक गेला, नाक चेपलं.

चूक तिची नव्हती. तोल बघताना मी विमान दोन बोटांवर पंखाच्या जवळजवळ मध्यावर तोललं होतं, फूटपट्टी तोलतात तसं. पुढच्या कडेपासून ९० मिमी. विमानाचा तोल मध्यावर नसतो. असा साधा चौकोनी पंख असेल तर पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव भागावर किंवा किंचित मागे, म्हणजे आमच्या २०० मिमीच्या पंखाला ५० ते ५५ मिमीवर. त्याच्या मागे गेलात तर विमान तुमचं ऐकत नाही.

वजन चिकटवून नाक जड करू नका, बॅटरी सरकवा. हिशेब तराजूचा: विमान ५०५ ग्रॅम, तोल ९० वरून ५२ वर आणायचा म्हणजे ३८ मिमी. ५०५ गुणिले ३८, भागिले बॅटरीचं वजन १३०. उत्तर १४८. बॅटरी १४८ मिमी पुढे न्यायला हवी. मी बॅटरीची पेटी ग्लू गनने पक्की बसवली होती, ती उचकटताना बॉडीचा तळ गेला. पेटी शेवटी चिकटवा, तोल लागल्यावर.

नंतर पंखाखाली ५२ मिमीवर दोन्ही बाजूंना स्केचपेनने ठिपका काढला. प्रत्येक उड्डाणाआधी बोटं तिथेच.

१२ नोव्हेंबर

दुरुस्ती. दीड तास.

१७ नोव्हेंबर, रविवार

आधी मोटार बंद ठेवून उंच गवतावर फेकून पाहिलं. तरंगत बारा-तेरा पावलं गेलं आणि बसलं. काय आनंद झाला म्हणून सांगू. हे मागच्या रविवारीच केलं असतं तर तोलाची चूक गवतावरच कळली असती.

मग मोटार. उडालं! सरळ, सुरेख, चुलत्यांच्या रानावरून. आणि सरळच जात राहिलं. पुतणीने रडर डावीकडे दिला, विमानाने तोंड डावीकडे वळवलं आणि तसंच तिरकं सरकत राहिलं, खेकड्यासारखं. "काका, हे वळतंय का नुसतंच तोंड फिरवतंय?" शेवटी मोटार बंद कर म्हणालो. शेजाऱ्यांच्या हरभऱ्यात उतरलं. प्रॉप दोन नंबर गेला.

कारण दुकानात बसून कळलं. मी पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत एका सरळ रेषेत, सपाट केला होता, कारण सपाट करणं सोपं. पंखावर एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पानं) असतील तर चालतं. फक्त रडरवर वळवायचं असेल तर पंखाची टोकं वर उचललेली हवीत, उथळ व्हीसारखी. तोंड फिरलं की त्या आकारामुळे एक पंख उचलला जातो आणि मग विमान खऱ्या अर्थाने वळतं. तीन चॅनेलच्या विमानाला सपाट पंख नको, एवढं एक वाक्य कोणी सांगितलं असतं तर एक रविवार वाचला असता.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. मत देऊन आलो आणि पंख मधोमध कापला. हिंमत होत नव्हती, पुतणीने कापला. प्रत्येक टोक ६० मिमी उचललं. जोडाला ३ मिमी प्लायची व्ही आकाराची पट्टी, दोन्ही बाजूंना ८० मिमी आत, कामटीला लागून, अराल्डाइटने. नुसत्या ग्लू गनच्या भरवशावर हा जोड ठेवू नका. हवेत पंखांनी टाळी वाजवली तर खाली फक्त मोटार गोळा करायची राहील.

पंख बॉडीला स्क्रूने नाही, रबराने बांधायचा. मी सायकलच्या ट्यूबचे पट्टे कापून लावले होते, ते इतके घट्ट की आपटल्यावर पंख सुटण्याऐवजी मोडायचा. आता साधे रबरबँड, प्रत्येक बाजूला तीन, फुली मारून. आपटलं की पंख सुटून बाजूला पडतो, पुन्हा बांधला की तयार. रबरबँड उन्हाने तडकतात, डबीत पावडर टाकून ठेवतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

वळलं. डावीकडे, उजवीकडे, सांगेल तसं. पहिला पूर्ण गोल मारला तेव्हा पुतणी ओरडली आणि मी नकळत तिच्या हातातून रिमोट घेतला, त्याचा राग ती अजून विसरलेली नाही.

दोन तक्रारी. थ्रॉटल वाढवला की नाक आकाशाकडे, सोडला की खाली. आणि जोर दिला की थोडं डावीकडे ओढतं. चौथ्या उड्डाणात तिसरी तक्रार: मोटार लोंबायला लागली. मोटारीची प्लायची पट्टी मी ग्लू गनने लावली होती. साडेअकराचं ऊन आणि मोटारीची स्वतःची गरमी, डिंक लोण्यासारखा झाला. नशीब, तेव्हा विमान उतरत होतं.

२६ नोव्हेंबर

मोटारीची पट्टी अराल्डाइट आणि चार बोल्टने. बसवतानाच वरच्या दोन बोल्टांखाली वॉशर घातले, अडीच मिमी जाडीचे, म्हणजे मोटार साडेतीन अंश खाली बघते. डाव्या बाजूला आणखी दीड मिमी, म्हणजे उजवीकडे दोन अंश. अंश मोजायला काही नको, बोल्टांमधलं अंतर ४० मिमी धरा आणि वॉशर मोजा. डोळ्याला मोटार वाकडी बसल्यासारखी दिसते. आण्णांनी दोनदा सांगितलं, "वाकडं बसलंय रे."

रानात बघितलं: थ्रॉटल वाढवला की आता नाक जागेवर, विमान हळूच वर चढतं. डावीकडची ओढही गेली. एका वेळी एकच गोष्ट बदलावी असं म्हणतात, मी इथे दोन बदलल्या आणि जमलं. पुढे नाही जमलं.

रिमोटमध्ये एलिव्हेटर दोन्ही बाजूंना १२ मिमी, रडर २५ मिमी एवढाच हलेल असं केलं. आधी एलिव्हेटर २५ होता, विमान माकडासारखं उड्या मारायचं. एक्स्पो (काठीच्या मध्याजवळची हालचाल मऊ करणारी सेटिंग) ३० टक्के. आकडा अधिक ठेवायचा की उणे हे पडद्यावरची रेघ बघून ठरवा, मध्याजवळ ती सपाट दिसली पाहिजे.

१ डिसेंबर, रविवार

विमान जोरात खाली येताना एलिव्हेटर वर दिला तरी नाक उठेना. कसंबसं उठलं, तरी धसकटांवर घासलं. सोयाबीनची धसकटं म्हणजे खिळे, पोटाला चार भोकं.

टेबलावर सगळं बरोबर दिसत होतं. मग पुतणीने एलिव्हेटरचं पान बोटाने धरून ठेवलं आणि मी काठी हलवली. सर्व्हो फिरला, पान हललं नाही, मधली काडी धनुष्यासारखी वाकली. काडी म्हणून मी खराट्याचे हीर लावले होते. हलके, फुकट, सरळ. ओढायला चांगले, ढकलायला निकामी. हवेचा दाब आला की वाकतात.

सायकलच्या स्पोकचाही विचार केला होता, पण स्पोक लांबीला पुरत नाही आणि एक स्पोक सात ग्रॅमचा, तोही शेपटीकडे. शेवटी ४ मिमीची बांबूची काडी, टोकांना फक्त तारेचे आकडे, आणि बॉडीच्या आत दोन ठिकाणी शहाळ्याच्या स्ट्रॉचे तुकडे चिकटवून त्यातून काडी नेली. आता पान धरून ठेवलं तर सर्व्होच कुरकुरतो. असंच पाहिजे.

८ डिसेंबर, रविवार

उसात गेलं.

सकाळी आठ. मी उडवत होतो, पुतणीचा घसा बसला होता म्हणून ती नुसती बघत होती. विमान पूर्वेला गेलं, सूर्याच्या रेषेत. डोळे दिपले, दोन सेकंद दिसलं नाही. पुन्हा दिसलं तेव्हा काळी आकृती: येतंय की जातंय कळेना. मी वळवलं, ते चुकीच्या बाजूला वळलं, मी आणखी वळवलं. आमच्या डोक्यावरून पश्चिमेला गेलं आणि बारा फुटी उसात शिरताना फक्त खस्स असा आवाज आला.

पुतणीने एक शहाणपणा केला. ती जागची हलली नाही. जिथे गेलं त्या दिशेला पलीकडचा विजेचा खांब होता, ती तिथेच उभी राहून हाताने मला रेषेत ठेवत राहिली आणि मी सरीसरीने आत. पण उसाच्या आत दहा पावलांवर माणूस दिसत नाही, आवाजही कळत नाही. पाचटाने हात कापले, मानेत कुसळं. दोन तास. मोटार किंचित फिरवून आवाज ऐकायचा विचार आला, पण प्रॉप उसात अडकलेला असेल तर ईएससी जळायचा, म्हणून तो नाद सोडला.

घरी आल्यावर आण्णा म्हणाले, "असू दे, गाळप हंगाम सुरूच आहे. टोळी आली की निघेल, साखरेबरोबर."

९ डिसेंबर

सकाळी सापडलं, काल शोधलं त्याच्या तीन सऱ्या पुढे. उसाच्या शेंड्यांवर अडकलेलं, जमिनीवर नव्हतंच. मी खाली बघत होतो. पंखाला एक चीर, बाकी ठीक. डेप्रॉनचा हा गुण, आणि उसाचाही.

बॅटरी मात्र मेली. रात्रभर रिसिव्हर आणि सर्व्हो चालू राहिले, व्होल्टेज सहाच्या खाली गेलं आणि बॅटरी फुगली. अशी लिपो पुन्हा चार्ज करायची नाही, आग लागते. बादलीत वाळू भरून परसात ठेवली. १,३५० रुपये गेले, ते विमान पडल्यामुळे नाही, न सापडल्यामुळे.

आता बॅटरीला ११० रुपयांचा व्होल्टेज अलार्म लावलाय. ठरलेल्या आकड्याखाली गेलं की कान फाटेल असा ओरडतो. उसात पुन्हा गेलं तर निदान काही तासांनी स्वतःच हाक मारेल. आणि सकाळी आता आम्ही पूर्वेच्या बांधाला पाठ करून उभे राहतो.

१५ डिसेंबर

नवी बॅटरी यायची आहे. दुरुस्त्यांनंतर काट्यावर ठेवलं: बॅटरीचे १३० धरून ५६१ ग्रॅम. ५६ ग्रॅम नुसता डिंक आणि टेप. प्रत्येक आपटणं विमानाला थोडं जाड करून जातं. शेपटीवरचा टेप काढून पुन्हा पातळ लावला, कारण तिथला एक ग्रॅम पुढे तीन ग्रॅम मागतो.

१८ डिसेंबर

बॅटरी आली. संध्याकाळी एक उड्डाण. काठी सोडली की डावीकडे झुकतं. मोटारीच्या वॉशरवर संशय घेतला, एक वाढवला, रडरचं ट्रिमही (काठी सोडल्यावर पान जिथे थांबतं ती जागा) बदललं, दोन्ही एकदम. हळू उडवताना झुकणं तसंच, वेगात उलट उजवीकडे. आता काय कशामुळे होतंय काहीच कळेना. सगळं पूर्ववत करून घरी आलो.

२० डिसेंबर

पंख टेबलावर ठेवून दोन्ही टोकांना एकेक फूटपट्टी आडवी टेपने लावली आणि मागून एका डोळ्याने पाहिलं. पट्ट्या समांतर नाहीत. डाव्या टोकाची मागची कडा चार मिमी वर. फेविकॉल चार तासांत उचलला होता ना, हा तो पीळ. वहिनीच्या हेअर ड्रायरने दुरून गरम करत उलटा पीळ दिला आणि गार होईपर्यंत धरून बसलो. दोनदा करावं लागलं. जवळून गरम केलं तर डेप्रॉन आक्रसतं, एक फोड आलाच.

२२ डिसेंबर, रविवार

काठी सोडली, विमान सरळ. पाच सेकंद मोजले, सहा, सात. मी रिमोट तिच्या हातात दिला.

आमची पद्धत: मी विजेच्या खांबाच्या चौपट उंचीवर नेतो, थ्रॉटल निम्मा, मग तिच्याकडे. गोंधळली तर दोन्ही काठ्या सोडायच्या. हे विमान सोडून दिलं की स्वतः सरळ होतं, टोकं उचललेल्या पंखाचा हा दुसरा फायदा. विमान आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं, तिथे सगळे फसतात. तिने स्वतःच एक युक्ती काढली: जो पंख खाली गेलाय त्याच्या बाजूला काठी न्यायची, जणू खालून टेकू देतोय. येताना हे बरोबर लागू पडतं. तिने घरच्या कॉम्प्युटरवर सिम्युलेटरवर महिनाभर सराव केला होता, मी केला नव्हता. फरक दिसतो.

उतरवताना प्रॉप पाच नंबर गेला. १० इंची प्रॉप पोटाखाली येतो आणि धसकटात अडकतो. ८० रुपयांचा प्रॉप सेव्हर मागवला: प्रॉप बोल्टऐवजी रबरी कडीवर धरलेला असतो, आपटला की वाकडा होतो आणि परत जागेवर येतो. हा पहिल्या दिवशी घ्या.

२९ डिसेंबर

वारा. ढेकळं उडत होती. नुसतं जाऊन आलो.

५ जानेवारी २०२५, रविवार

प्रॉप सेव्हरवर सहा वेळा उतरवलं, पाचदा प्रॉप शाबूत. सहाव्यांदा बांधाच्या दगडावर, त्याला सेव्हर काय करणार. टायमर आठ मिनिटांचा लावतो. उतरल्यावर बॅटरी ११.४ व्होल्ट, चार्जरने ८२० एमएएच भरले. म्हणजे आणखी उडेल, पण उडवत नाही.

हिशेब: पहिलं सामान ७,९९०, सनबोर्ड २००, डेप्रॉन १,५६०, डिंक-टेप-बांबू ३१०, सहा प्रॉप ३६०, प्रॉप सेव्हर ८०, दुसरी बॅटरी १,३५०, अलार्म ११०. एकूण ११,९६०. तयार विमान याहून महाग होतं, फार नाही. वहिनीला आता आकडा सांगितला. ती म्हणाली तिला डिसेंबरातच माहीत होता, कुरिअरवाला पैसे तिच्याकडून न्यायचा.

१२ जानेवारी, रविवार

पुतणीने स्वतः फेकलं, स्वतः उडवलं, स्वतः उतरवलं. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा. सात मिनिटं चाळीस सेकंद. तिच्या वर्गातल्या दोघी बघायला आल्या होत्या. त्यातल्या एकीने विचारलं, पंखावर हलणारी पानं लावली तर गिरकी घेता येईल का. येईल, पण त्याला पंख सपाट केलेला बरा, सर्व्हो आणखी दोन. डेप्रॉनची दीड शीट शिल्लक आहे.

पश्चिमेच्या उसाला टोळी लागली आहे, पुढच्या आठवड्यापर्यंत रान मोकळं होईल. ऊस काढणाऱ्या पोरांनी फडात सापडलेला आमचा पहिला मोडका प्रॉप आणून दिला. तो तिथे कसा गेला, कोणालाच सांगता येईना.